गोधडीला नाव हवे

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आमच्या उपनगरांतील शाळांना इतके पाठ झाले आहेत की, त्यांचा अर्थ तपासून पाहावा असे कोणास वाटत नाही. मुलुंड-घाटकोपरची मुले दुकानातून आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचा जुडगा विकत आणतात, त्यांचे घरकुल करतात आणि ‘टाकाऊ’ वस्तूंच्या सदरात बक्षीस घेऊन जातात. त्यांच्याच घरी माळ्यावर आजीने शिवलेली गोधडी पडलेली असते. ती प्रदर्शनात येत नाही. का? तर ती कला नव्हे, ती आजीची माया!

या मायेविरुद्धच माझी तक्रार आहे. बाईच्या कष्टाचे मोल बुडवावयाचे असले की, आपण त्यास माया म्हणतो. बोहारीण जुन्या लुगड्यावर भांडे देते. तिच्या व्यवहारात घासाघीस तरी असते. आपण नुसताच गहिवर देतो.

गोधडी काय आपोआप होते? जीर्ण लुगडे जमिनीवर ताणून अंथरावयाचे, विरलेल्या कपड्यांचे थर त्यावर सारखे बसवावयाचे, कडेकडेने धावदोरा घालीत जावयाचे, चुणी पडली की उसवावयाचे. आणि हिरव्या तुकड्याशेजारी तांबडा खुलेल की निळा, याचा निर्णय पदोपदी घ्यावयाचा. चित्रकार तरी याहून वेगळे काय करतो?

कोणी म्हणेल, हे सारे थंडीच्या गरजेपोटी. गरजेतून कला कशी होईल? त्यांनी हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी पाहावी. चिंध्यांची ही गोधडी पुरी झाली की, चारी कोपऱ्यांना त्या कापडी ‘फुले’ शिवतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीनागडी वाटते. त्या फुलांनी ऊब तसूभरही वाढत नाही! मग ती कशासाठी?

अमेरिकेत रॉबर्ट रौशनबर्ग या चित्रकाराने 1955 साली एका जुन्या गोधडीवर रंग ओतून ती भिंतीवर टांगली. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कलाकार म्हणून नाव रौशनबर्गचे. जिने ती गोधडी शिवली तिचे नव्हे. पण त्याच देशात अलाबामातील जीज् बेंड या वस्तीच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या व त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, त्या शिवणाऱ्यांच्या नावांनिशी. 2006 साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. गोधडी तीच. फरक पडला तो नावाने.

आम्हांस संग्रहालय नको. शाळेची भिंत पुरे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत ज्या ज्या शाळेत हे प्रदर्शन भरते, तेथे काड्यांची घरकुले खुशाल ठेवा. परंतु शेजारी एक गोधडी टांगा. खाली चिठ्ठी लावा: शिवणारीचे पूर्ण नाव, गाव, साल, आणि कोणाकोणाचे कपडे आत गेले ते. ‘अमक्याची आजी’ असे लिहून चालणार नाही. नाव ठाऊक नसेल तर मुलाने घरी जाऊन विचारून यावे. आजीचे नाव विचारावयास लागावे, हीच त्या घरातील पहिली शिकवणी ठरेल; आणि तिचे गुण आईबापांनाही मिळावेत.