युद्धाचे व्रण आणि छायाचित्राची चौकट

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने पॅरिस येथील अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली बारा किल्ल्यांचा वारसा-यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तामिळनाडूतील जिंजी. महाराष्ट्राने आनंद साजरा केला, तो योग्यच होता. तथापि या बहुमानाच्या नावातील ‘लष्करी’ हा शब्द मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला दिसत नाही. किल्ल्यांची जी छायाचित्रे दिनदर्शिकांतून, प्रदर्शनांतून आणि आता घरोघरच्या मोबाइलमधून फिरतात, त्यांत धुके असते, श्रावणातली हिरवळ असते, ढगांतून डोकावणारा बुरूज असतो. युद्ध मात्र कोठेच नसते.

वस्तुतः हे भूप्रदेश आज जसे दिसतात तसे ते युद्धामुळे दिसतात. रायगडावरील वाड्यांची केवळ जोती उरली आहेत, ती काळाच्या ओघात झिजून नव्हे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली आणि राजधानी भस्मसात झाली. विजयदुर्गाची गोष्ट अधिक अवघड आहे. १७५६ साली तेथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले, ते इंग्रजांच्या हातून. परंतु त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. सूर्यास्ताच्या प्रकाशातील तटाचे सुंदर चित्र हे सांगत नाही, आणि पाहणाऱ्यालाही ते विचारावेसे वाटत नाही.

युद्धाने होरपळलेल्या भूमीचे छायाचित्रण हा कलाप्रकार छायाचित्रणाइतकाच जुना आहे, आणि त्याच्याविषयीची शंकाही तितकीच जुनी आहे. १८५८ साली फेलिचे बिआतो याने लखनौच्या सिकंदरबागेचे छायाचित्र घेतले. भग्न वास्तूपुढे मृतांची हाडे विखुरलेली त्यात दिसतात, आणि ती चित्रासाठी मुद्दाम मांडली असावीत असे अभ्यासक मानतात. उलट १९९१ च्या आखाती युद्धानंतर सोफी रिस्टेलह्यूबर या फ्रेंच छायाचित्रकर्तीने कुवेतच्या वाळवंटातील खंदक आणि खड्डे हवेतून टिपले. त्यांत माणूस जवळजवळ नाहीच. जमिनीवर जणू शस्त्रक्रियेचे टाके दिसावेत तशा रेषा आहेत. पहिल्या प्रकारात व्रणाची मांडणी होते, दुसऱ्यात त्याची नक्षी होते. दोन्हीकडे सौंदर्य आणि साक्ष यांचा झगडा आहे. हवाई छायाचित्राने तटबंदीची युद्धनीती उलगडते, हेही खरे. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) या पुस्तकातील हवाई चित्रे पाहताना डोंगराच्या सोंडा आणि माच्या यांचे प्रयोजन ध्यानात येते. परंतु प्रयोजन कळले म्हणजे किंमत कळली, असे होत नाही.

ती किंमत मुंबईने फार लांब नव्हे, १४ एप्रिल १९४४ रोजी मोजली आहे. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरली होती. दुपारी आग लागली. चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. आवाज ऐंशी किलोमीटरपर्यंत ऐकू गेला असे सांगतात. म्हणजे त्या काळी मुंबईच्या हद्दीबाहेर असलेल्या भांडुपच्या मिठागरांवरही तो पोहोचला असणारच. पुढे पाच लाख टन ढिगारा उपसण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने खपली.

या भूप्रदेशाचे चित्रण झाले नाही असे नाही. सुधीश घटक यांनी घेतलेली चित्रफीत लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केली. तिचे काही भाग पुढे दाखविले गेले. स्फोटाची वार्ता दुसऱ्या दिवशी जपानी नियंत्रणाखालील सायगाव रेडिओने दिली, येथील वृत्तपत्रांना मात्र मे महिन्यापर्यंत थांबावे लागले. ज्या नगराचे तुकडे झाले, त्यालाच आपली जखम पाहण्याची मुभा नव्हती.

हिशेबाची बाजूही बोलकी आहे. मालमत्तेच्या नुकसानीचे दावे करणाऱ्यांना सरकारने भरपाई दिली. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले, हा आकडा निश्चित आहे. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. परंतु एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत हेलकावे खातात. जवान हजेरीपटावर होते, म्हणून मोजता आले. गोदीतला रोजंदारीचा मजूर कोणत्याच पटावर नव्हता. ज्याची नोंद नाही त्याचा तोटा हिशेबात धरला जात नाही, हा अर्थव्यवहाराचा कठोर नियम युद्धालाही लागू पडतो.

किल्ल्यांच्या बाबतीत आज याच नियमाची दुसरी बाजू दिसते. चित्राचे मोल चित्रकाराला व पर्यटनाच्या धंद्याला मिळते. ढासळता तट, पाण्याची टाकी आणि कचरा यांचा भार सार्वजनिक तिजोरीवर व पायथ्याच्या गावांवर पडतो. बारांपैकी आठ किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आणि चार राज्याच्या संचालनालयाकडे आहेत. मानांकनामुळे गर्दी वाढणार. तिच्याबरोबर देखभालीचा पैसा वाढला नाही, तर हा बहुमान किल्ल्यांना महागात पडेल.

यावर उपाय छायाचित्रे कमी करण्याचा नव्हे, त्यांना मजकूर जोडण्याचा आहे. स्थळ, साल, कोणाच्या तोफा आणि कोणाचे मरण, एवढ्या चार ओळी प्रत्येक चित्राखाली असाव्यात. गोदीस्फोटाची उपलब्ध छायाचित्रे पालिकेच्या शाळांतून १४ एप्रिलच्या सुमारास लावणे मुळीच खर्चिक नाही. भांडुपसारख्या उपनगराला तर भूप्रदेशाचे रूप कसे पालटते, हे शिकवावे लागणार नाही. पूर्वेला मिठागरे, पश्चिमेला वस्त्यांनी वेढलेले डोंगर आणि मधल्या हमरस्त्यावर बंद कारखान्यांच्या जागी उठलेले मनोरे त्याच्या डोळ्यांपुढे आहेत. तेथील मुलांना रायगडाचे चित्र आणि गोदीचे चित्र शेजारी-शेजारी ठेवून दाखवले, तर एक गोष्ट त्यांना आपोआप उमगेल. सुंदर दिसणाऱ्या जमिनीलाही इतिहास असतो, आणि तो विचारल्यावाचून कळत नाही. असा प्रश्न विचारणारी पिढी घडली, तरच वारसा हा शब्द सार्थ ठरेल.