क्रॅनबेरीज थांबले ते योग्यच

१५ जानेवारी २०१८ रोजी लंडनमधल्या एका हॉटेलात आयरिश बँड 'क्रॅनबेरीज'ची गायिका डोलोरेस ओरिऑर्डन गेली. वय ४६. मागे तिघे उरले. गिटारवादक नोएल होगन, त्याचा धाकटा भाऊ बेसवादक माइक आणि ड्रमर फर्गल लॉलर. त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. तिने कच्च्या स्वरूपात गाऊन ठेवलेल्या अकरा गाण्यांचे काय करायचे, आणि 'द क्रॅनबेरीज' या नावाचे काय करायचे? गाणी त्यांनी पूर्ण केली. नावाला पूर्णविराम दिला. संगीताच्या बाजारात जगाला ठाऊक असलेले नाव म्हणजे भर चौकातल्या दुकानाची पगडी. ती हातची कुणी सोडत नाही. ज्या बँडचे चार कोटींहून अधिक अल्बम खपल्याचे सांगितले जाते, त्याने ती सोडली. त्यामागे हळवेपणा होताच. पण आपले काम नेमके कशामुळे उभे राहिले, याची जाण त्याहून मोठी होती. म्हणून हा निर्णय नुसता आदरणीय म्हणून सोडून देण्याजोगा नाही, तो बरोबर होता असे ठामपणे म्हणायला हवे.

ही गाणी तयार कशी होत, ते आधी पाहू. लिमरिक हे आयर्लंडच्या पश्चिमेचे, शॅनन नदीकाठचे शहर. ऐंशीच्या दशकात तिथे नोकऱ्यांची वानवा होती, आणि संगीतात नाव काढायचे तर डब्लिन नाहीतर थेट लंडन गाठावे, अशी स्थिती होती. १९८९ मध्ये होगन बंधू आणि लॉलर यांनी नायल क्विन या मित्राला गायक म्हणून घेऊन बँड सुरू केला. वर्षभरात क्विन बाहेर पडला. त्याच्या जागी आली ती शहराबाहेरच्या बॅलीब्रिकन गावातली, शेतमजुराच्या घरातली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मुलगी. डोलोरेस तेव्हा १८ वर्षांची होती. कीबोर्ड घेऊन ती तालमीच्या जागी आली, गायली, आणि निघताना नोएलने तिच्या हातात एक कॅसेट ठेवली. कॅसेटवर नुसतेच गिटारचे कॉर्ड्स होते. काही दिवसांनी ती परतली तेव्हा त्यावर शब्द आणि चाल चढलेली होती. तेच पुढचे 'लिंगर'.

जवळजवळ शेवटपर्यंत काम असेच चालले. कॅसेटच्या जागी ईमेल आला, एवढाच काय तो फरक. नोएलने स्वरांची चौकट पाठवायची आणि डोलोरेसने तिच्यात माणूस बसवायचा.

आणि तो आवाज! लांब धरलेला स्वर मध्येच मोडायचा आणि गळा क्षणात वरच्या पट्टीत उडी घ्यायचा. आपल्या कानांना ती हरकत वाटावी, पण तिची मुळे चर्चच्या वृंदगानात आणि साथीशिवाय गायल्या जाणाऱ्या जुन्या आयरिश गाण्यात होती. इंग्रजीत गाणारे बहुतेक कलाकार गाताना अमेरिकी उच्चार उसने घेत, त्या काळात तिने लिमरिकचे उच्चार तसेच ठेवले. 'लिंगर'मध्ये ती अगदी जवळ बसून बोलल्यासारखी गाते. 'झॉम्बी' या गाण्यात तोच आवाज घशातून खरवडून निघतो. एकाच माणसाच्या गळ्यात हे दोन्ही असणे दुर्मीळ आहे.

यश मात्र सरळ चालत आले नाही. डेमो कॅसेट ऐकून लंडनच्या कंपन्यांची रीघ लागली आणि आयलंड रेकॉर्ड्सने करार केला. पण १९९१ ची पहिली ईपी समीक्षकांनी झोडपली, आणि स्थानिक व्यवस्थापकाशी संबंध विकोपाला जाऊन तुटले. बँड तेव्हाच मोडायला आला होता. नवे व्यवस्थापक म्हणून रफ ट्रेडचे जेफ ट्रॅव्हिस आले आणि 'द स्मिथ्स'बरोबर काम केलेला निर्माता स्टीफन स्ट्रीट मिळाला, म्हणून तो तरला. मार्च १९९३ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये कुणी ढुंकून पाहिले नाही. मग अमेरिकेत 'स्वेड' या ब्रिटिश बँडच्या आधी वाजवायला ते गेले. तिथे एमटीव्हीने 'लिंगर' उचलले, ते गाणे अमेरिकी यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचले, आणि मुख्य बँडपेक्षा आधी वाजवणाऱ्यांसाठी लोक येऊ लागले. ब्रिटनमध्ये तोच अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला तो जून १९९४ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाने.

पहिला अल्बम आला त्याच महिन्यात, २० मार्च १९९३ ला, इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन शहरात, उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीने दोन बॉम्ब उडवले. शनिवारचा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधला मातृदिन, त्यामुळे बाजारात गर्दी होती. बॉम्ब बिडाच्या कचराकुंड्यांत ठेवलेले होते. तीन वर्षांचा जोनाथन बॉल जागीच गेला. बारा वर्षांचा टिम पॅरी पाच दिवसांनी. याच घटनेवर डोलोरेसने 'झॉम्बी' एकटीनेच लिहिले, ॲकूस्टिक गिटारवर. तालमीत आणल्यावर मात्र तिने इलेक्ट्रिक गिटार घेतली, आवाज फाटेपर्यंत वाढवला आणि लॉलरला ड्रम जोरात बडवायला सांगितले. 'लिंगर'वर भाळलेल्यांना हा धक्का होता.

३१ ऑगस्ट १९९४ ला आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात गाणे बाजारात आले. बेलफास्टच्या गल्ल्यांत खेळणारी मुले आणि गस्त घालणारे ब्रिटिश सैनिक दाखवणारा मूळ व्हिडिओ बीबीसीने दाखवला नाही. दुसऱ्या बाजूनेही टीका झाली. हे गाणे एकाच बाजूच्या हिंसेवर बोट ठेवते, ब्रिटिश लष्कराने आणि ब्रिटननिष्ठ टोळ्यांनी घेतलेल्या बळींबद्दल ते गप्प आहे, असे उत्तर आयर्लंडमधल्या अनेकांना वाटले. २०२३ च्या रग्बी विश्वचषकात पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेला हरवल्यावर आयरिश प्रेक्षकांनी 'झॉम्बी' गायले, तेव्हा हाच वाद पुन्हा उसळला. ज्यांनी ते दिवस भोगले त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण आपल्या नावावर, आपल्या देशाच्या नावावर मुले मारली जात असताना एका विशीतल्या आयरिश मुलीने हे माझ्या नावावर नको असे ओरडून सांगितले, याचे मोल त्या तक्रारीने कमी होत नाही. १९९५ मध्ये या गाण्याला एमटीव्हीचा युरोपातला सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये यूट्यूबवर त्याची प्रेक्षकसंख्या एक अब्जापार गेली.

या यशाची किंमत लगेच वसूल झाली. ऑक्टोबर १९९४ मधला दुसरा अल्बम प्रचंड खपला आणि चौघे विशीतच सलग दौऱ्यांच्या चरकात सापडले. तिसरा अल्बम १९९६ मध्ये आला तो घाईचा वाटतो. बोस्निया, जॉन लेननची हत्या, अमली पदार्थ असे मोठे विषय त्यात आहेत, पण ते पिकायला वेळच मिळालेला नाही. त्याच वर्षी डोलोरेसची प्रकृती ढासळली आणि दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. दोष द्यायचा तर दमलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा बसमध्ये चढवणाऱ्या व्यवसायाला द्यावा. नंतर आणखी दोन अल्बम झाले, गर्दी ओसरली आणि २००३ मध्ये चौघे भांडणाशिवाय वेगळे झाले. डोलोरेसने दोन एकल अल्बम केले. २००९ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या कार्यक्रमाच्या निमित्ताने ते पुन्हा एकत्र वाजले आणि दौऱ्यावर निघाले. आपल्याला बायपोलर विकार आहे हे २०१७ मध्ये तिने स्वतः उघडपणे सांगितले. त्याच वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे पुन्हा दौरा थांबला, पण नोएलबरोबरचे नवे काम थांबले नाही. तिच्या मृत्यूची चौकशी झाली तेव्हा तो अपघात असल्याचा निष्कर्ष निघाला. मद्याच्या अमलाखाली बाथटबमध्ये बुडून तिचा अंत झाला होता.

ती आणि नोएल ज्या गाण्यांवर काम करत होते, त्यांच्यासाठी तिघांनी आधी तिच्या कुटुंबाची परवानगी घेतली. मग स्टीफन स्ट्रीटला बोलावले आणि २०१८ च्या वसंतात लंडनमध्ये तिच्या डेमोतल्या आवाजाभोवती वाद्ये वाजवली. काही ठिकाणी तिचा आवाज पुरेसा नव्हता, तिथे दौऱ्यांत तिच्याबरोबर पार्श्वगायन केलेल्या जोहाना क्रॅनिचने साथ दिली. मुख्य स्वर मात्र सर्वत्र डोलोरेसचाच आहे. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या 'इन द एंड' या अल्बममधून त्यांचा संयम ऐकू येतो. वाद्ये कुठेही तिच्या पुढे जात नाहीत, आणि सहानुभूतीच्या बळावर गाणे फुगवलेलेही नाही. या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले, बँडच्या आयुष्यातले पहिले. पुरस्कार 'केज द एलिफंट'ला गेला.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. गायक गेल्यावर बँड संपलाच पाहिजे, असा कुठे नियम आहे? बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत गेला आणि जुलैत 'एसी/डीसी'ने ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' आणला, जो जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. 'लिंकिन पार्क'ने चेस्टर बेनिंग्टनच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, २०२४ मध्ये, एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन पुन्हा सुरुवात केली. बँड ही मागे उरलेल्यांचीही रोजीरोटी असते, त्यांची वर्षेही त्यात गेलेली असतात. हे सगळे खरे आहे. आणि म्हणूनच हा निर्णय चाहत्यांचा किंवा कंपनीचा नसावा, वादकांचा असावा. प्रत्येक बँड कशावर उभा आहे, हे त्या बँडलाच ठाऊक असते. 'एसी/डीसी'चा कणा यंग बंधूंच्या गिटारमध्ये होता, तो शाबूत राहिला. क्रॅनबेरीजमध्ये शब्द तिचे, बहुतेक चाली तिच्या, उच्चार तिचे. तिच्या जागी कुणाला उभे केले असते, तर त्या नव्या गायिकेला रोज रात्री दुसऱ्याच्या गळ्याची नक्कल करावी लागली असती, आणि तो अन्याय तिच्यावरही झाला असता.

याचा अर्थ ती गाणी कुणी गाऊच नयेत, असा मुळीच नाही. ज्या दिवशी डोलोरेस गेली, त्याच दिवशी ती अमेरिकेतल्या 'बॅड वुल्व्ह्ज' या बँडच्या 'झॉम्बी'त आवाज द्यायला जाणार होती. त्यांनी ते गाणे स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केले आणि त्याची कमाई तिच्या मुलांसाठी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हर्लिंग या आयरिश खेळात लिमरिकच्या संघाने ४५ वर्षांनी अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले, तेव्हा डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर क्रॅनबेरीजचे 'ड्रीम्स' वाजले आणि हजारो लोक ते गायले. तिथे मंचावर बँड नव्हता, आणि त्याची उणीव कुणाला भासली असेल असे वाटत नाही.

अलीकडे मृत कलाकारांचे आवाज यंत्राकडून तयार करून घेण्याचा आणि त्यांच्या प्रकाशप्रतिमा मंचावर नाचवण्याचा मोह वाढतो आहे. अशा वेळी लिमरिकच्या या तिघांची वागणूक नीट पाहायला हवी. जुने अल्बम ते नव्याने काढतात, त्यांत न प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे घालतात. तो त्यांचा हक्कच आहे. नोएल होगन नवी गाणीही करतो. ब्राझीलची गायिका मेल पेकबरोबर त्याने काम केले आहे, आणि त्यातही कॉर्ड्स त्याचे, आवाज तिचा, अशी जवळजवळ जुनीच वाटणी आहे. त्या गाण्यांवर त्याने क्रॅनबेरीजचे नाव घातलेले नाही. तो प्रकल्प 'द प्युरो' या नावाने चालतो.