थैली घरी आहे, दुकानात काऊन नाही?

परवा संध्याकाळी आपल्या तिरोड्यातल्या एका मार्टमध्ये किराणा घ्यायला गेलो. जुन्या पँटच्या कापडाची शिवलेली थैली बगलेत होती. दारावरच्या पोरानं अडवलं, "भाऊ, थैली आत नाही नेता येत. इथंच ठेवा लागते." मी म्हटलं, अरे रिकामी आहे. तो म्हणाला, रिकामी असली तरी. थैली ठेवली, टोकन घेतलं.

तेल, डाळ, साबण घेऊन काउंटरवर आलो. बिल झालं अन् पोरगी म्हणाली, "कॅरीबॅग पाहिजे का सर? दहा रुपये." माझी थैली दाराशी, सामान काउंटरवर, मागं आठ लोकांची रांग. काय करता? दिले दहा रुपये.

घरी येऊन ती बॅग स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवायला गेलो, तर तिथं आधीच्या तेवीस होत्या. बायको म्हणाली, "आता यांचंच दुकान लावा."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललं आहे. आपण म्हणतो, लोक थैली आणत नाहीत, लोकांना सवय नाही. पण जो आणतो त्याची सवय मोडायची सोय आपणच करून ठेवली आहे, हे कोण बोलणार?

कायद्याची कमतरता नाही. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या वेळी 5 हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी 10 हजार, तिसऱ्या वेळी 25 हजार आणि तीन महिने कैद. पुढे केंद्रानेही नियम कडक केले. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकची कॅरीबॅग चालत नाही. तरी भाजीच्या ठेल्यावर पातळ पन्नी मिळतेच, ते आपण रोज पाहतो.

मार्टमध्ये मात्र पन्नीची जागा दुसऱ्याच बॅगेनं घेतली. दिसायला कापडासारखी, रंगीत, नॉन-वोव्हन म्हणतात ती. पुष्कळ लोक तिला कापडी समजतात. ती कापडी नाही जी. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. दोन-तीन महिने उन्हात पडू द्या, हातात भुगा येतो. तो भुगा नालीतून बोडीत जातो. पन्नी निदान वेचता येते, भुगा कोण वेचणार?

मग खरी कापडी थैली घ्यायची का? घ्या, पण एक हिशेब ऐका. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी ठरायचा असेल, तर सुती थैली 131 वेळा वापरावी लागते. कारण कापूस पिकवायला, कापड विणायला पाणी, खत, वीज लागतेच. आठवड्यातून एकदा बाजार धरला, तर 131 वेळा म्हणजे अडीच वर्षं. आता आठवा, कार्यक्रमात फोटो छापून वाटलेल्या थैल्या आपल्या घरी किती आहेत अन् त्यातली एक तरी दहा वेळा बाहेर निघाली का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: नवीन थैलीची गरजच नाही. घरात जी आहे, कापडी असो की मार्टची, तीच फाटेपर्यंत वापरायची. आठवडी बाजारात खेड्यावरून येणाऱ्या बायका आजही घरूनच थैली अन् चुंगडी आणतात. त्यांना कोणी दारावर टोकन देत नाही.

काही जण म्हणतील, बॅगेला पैसे लावले की लोक आपोआप थैली आणतील. आयर्लंडमध्ये तसं झालं. 2002 मध्ये तिथं प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर 15 सेंट कर लावला आणि वापर 90 टक्क्यांहून जास्त घटला. पण तिथं तो पैसा पर्यावरणाच्या कामासाठीच्या सरकारी निधीत जातो. आपल्याकडे दहा रुपये दुकानाच्या गल्ल्यात जातात. मग दुकानदार कशाला आठवण करून देईल की थैली घेऊन या?

चोरीची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. दुकान चालवणाऱ्याची ती अडचण खरी आहे. पण निघताना दारावर बिल तपासून शिक्का मारताच ना? मग रिकामी, घडी केलेली थैली आत नेऊ द्यायला हरकत काय?

दुकानांना माझ्या तीन सूचना आहेत. एक, रिकामी थैली आत येऊ द्या. दोन, काउंटरवर पहिला प्रश्न "बॅग पाहिजे का?" हा नको, "थैली आणली का?" हा असू द्या. तीन, बॅगेचे दहा रुपये अनामत म्हणून घ्या, चांगली बॅग परत आणली की परत करा. ही कल्पना माझी नाही. 2018 च्या त्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर 50 पैसे अनामत होतीच. तुम्हाला ते 50 पैसे कधी परत मिळाले का, तेवढं आठवून पाहा. नगर परिषदेने मनावर घेतलं तर सगळ्या दुकानदारांना एकदा बोलावून हे ठरवता येईल.

अन् आपल्यासाठी एकच. सामान घरी काढलं की रिकामी थैली दारामागे नको, लगेच गाडीच्या डिक्कीत. विसरायचा प्रश्नच मिटतो.

रविवारी मी पुन्हा त्याच मार्टमध्ये जाणार आहे, तीच थैली घेऊन. या वेळी टोकन न घेता आधी मॅनेजरला भेटणार आहे, भांडायला नाही, बोलायला. एकटा गेलो तर म्हणतील पत्रकार आहे, याचं नेहमीचंच. दहा जण आपापली थैली घेऊन उभे राहिले तर ऐकावं लागेल.

येता का?