विषय दिसतो, मजकूर येत नाही

मोबाइलवर मेल आल्याची घंटी वाजते, यादीत पाठवणाऱ्याचे नाव आणि विषयाची ओळ दिसते, पण त्या ओळीवर बोट ठेवले की पांढऱ्या पडद्यावर नुसते गोल फिरत राहते. याचे कारण असे की मेल फोनवर एका दमात येत नाही. १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅप नावाची पद्धत तयार केली. तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि वाचणाऱ्याचे यंत्र त्यातले हवे तेवढेच मागवून घेते. आजची मेल अ‍ॅप साधारण याच विचाराने चालतात. आधी नाव, तारीख आणि विषय येतो, मग मजकूर, त्यानंतर चित्रे. जोडलेली फाइल तर बहुधा बोट लावल्यावरच उतरते. म्हणून पहिला प्रश्न एकच : नेमके काय अडकले आहे? हे न पाहता अ‍ॅप काढून टाकणे किंवा सरळ फोन फॉरमॅट मारणे हा उपाय नव्हे. त्यात असलेलेही जाते.

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातले, मलकापूर ते नांदुरा रस्त्यावरचे, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरचे गाव. अशा गावात रोजची बोलाचाली व्हॉट्सअ‍ॅपवर होते. मेलची आठवण येते ती सीईटीची सूचना, प्रवेश फेरीचे पत्र, भरतीची तारीख किंवा पुण्याच्या कंपनीचे मुलाखतीचे बोलावणे येते तेव्हा. म्हणजे मेल क्वचित उघडला जातो, पण उघडावा लागतो तेव्हा तो त्याच दिवशी, त्याच तासाला उघडणे भाग असते. बिघाड लवकर ओळखता येणे इथे जास्त मोलाचे आहे, ते यासाठी.

सर्वांत आधी डेटा पॅक पाहावा. रोजचा दीड किंवा दोन जीबी डेटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये नेट पूर्ण बंद होत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्याचा अर्थ सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. १०० किलोबाइटचा साधा मेल या वेगाने उतरायला १२-१३ सेकंद लागतात आणि ५ एमबीची पीडीएफ उतरायला १० मिनिटांहून जास्त. तेवढा वेळ अ‍ॅप थांबत नाही, मध्येच सोडून देते. फसगत होते ती व्हॉट्सअ‍ॅपमुळे. त्यावरचे चार शब्द या वेगानेही जातात-येतात, त्यामुळे घरातले सगळे ठामपणे सांगतात की नेट चालू आहे. खरी परीक्षा म्हणजे ब्राउझरमध्ये कधीच न उघडलेली एखादी वेबसाइट उघडून पाहणे. ती येत नसेल तर मेलला दोष देण्यात अर्थ नाही. पॅक संपला असेल तर छोटा टॉप-अप मारावा, किंवा पॅक नव्याने सुरू होईपर्यंत, म्हणजे बहुधा रात्री १२ पर्यंत, थांबावे.

पॅक शिल्लक असेल तर रेंज बघावी. 4जी किंवा 5जी लिहिलेल्या जागी ‘ई’ किंवा ‘एच’ अक्षर आले असेल तर फोन जुन्या, मंद जाळ्यावर घसरला आहे. बराच वेळ लाइट नसल्यावर टॉवरची बॅटरी उतरते, तेव्हाही असेच होते. विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद केला की फोन टॉवर नव्याने शोधतो; हा उपाय साधा आहे आणि बऱ्याचदा पुरतो. दोन सिमच्या फोनमध्ये पॅक एका सिमवर आणि मोबाइल डेटा दुसऱ्या सिमवर चालू, हा घोळही नेहमीचा. शंका राहिलीच तर घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घ्यावा. त्यावर मेल उघडला तर दोष नेटचा. तरीही गोल फिरत राहिले तर दोष फोनचा, अ‍ॅपचा किंवा खात्याचा.

नेट धडधाकट असूनही मेल अडतो तेव्हा बहुधा फोनच त्याला अडवत असतो. अँड्रॉइडमध्ये खात्यासाठी सिंक बंद झालेले असू शकते. डेटा सेव्हर चालू असला तर पडद्यामागे मेल उतरत नाही. शाओमी, ओप्पो, व्हिवो यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याचे नियम आणखी कडक असतात. तिथे मेल अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून मोकळे करावे आणि ऑटोस्टार्टची परवानगी द्यावी. आयफोनमध्ये लो पॉवर मोड लावला की मेल आपोआप उतरणे थांबते. जीमेलमध्ये आणखी एक खोच आहे. फोनवर साधारण शेवटच्या ३० दिवसांचेच मेल साठवलेले असतात, त्यामागचा प्रत्येक मेल उघडताना नेट लागते. जूनमध्ये वाचलेले पत्र सप्टेंबरमध्ये रेंज नसलेल्या ठिकाणी उघडत नाही, ते यामुळे. हे दिवस सेटिंगमध्ये वाढवता येतात. पण परीक्षेला किंवा कागदपत्र तपासणीला अकोला-अमरावती गाठायची असेल तर आदल्या रात्री घरीच मेल उघडून पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवावी आणि एक छापील प्रतही जवळ ठेवावी. एसटीतून उतरून केंद्राच्या गेटवर रेंज शोधत उभे राहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जागा संपणे हे वेगळे दुखणे, आणि ते दोन ठिकाणी असते. फोनची मेमरी भरली की अ‍ॅपला मजकूर उतरवायला जागा उरत नाही. त्यासाठी शुभ सकाळचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ काढावे लागतात. दुसरी जागा गूगलची. मोफत मिळणारे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेले असतात. १ जून २०२१ पासून फोटोंचा नवा बॅकअप त्यात मोजला जातो आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. ही जागा संपली की नवे मेल येणेच थांबते. पाठवणाऱ्याला पत्र परत आल्याची सूचना मिळते, पण ज्याला पत्र हवे आहे त्याला त्या पत्राचा पत्ताही लागत नाही. महत्त्वाच्या मेलची वाट पाहणाऱ्याने ही जागा आधीच तपासलेली बरी.

मजकूर आला पण चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर तो बिघाड नसतो. मेलमधले चित्र उघडताच मेल वाचला गेल्याचे पाठवणाऱ्याला कळू शकते, म्हणून अ‍ॅप अनोळखी मेलमधली चित्रे रोखू शकते. पाठवणारा ओळखीचा असेल तर चित्रे दाखवा म्हणावे. मेल अर्धवट दिसला तर तळाशी जावे : मजकूर १०२ किलोबाइटपेक्षा मोठा झाला की जीमेल तो तिथेच कापते आणि पूर्ण संदेश पाहण्यासाठी खाली दुवा देते. जोडलेली फाइल उघडत नसेल तर फोनमध्ये पीडीएफ उघडणारे अ‍ॅप नसणे हे साधे कारण असू शकते. २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जीमेल ड्राइव्हच्या दुव्यात बदलते. तो दुवा परवानगी मागत असेल तर ती पाठवणाऱ्यानेच द्यायची असते; आपल्या फोनमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

एवढ्यानेही भागले नाही तर अ‍ॅपकडे वळावे. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू या घटकात दोष शिरला आणि जगभरच्या फोनांवर जीमेलसह अनेक अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडू लागली. वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केल्यावर ती सुरळीत झाली, आणि तसा त्रास दिसला तर आजही आधी तेच करावे. फोनची तारीख चुकलेली असेल तर सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र फोनला खोटे वाटते आणि जोडणी तुटते. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवावी. त्यानंतर अ‍ॅपची कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, पुसावी. कॅशे पुसल्याने मेल जात नाहीत. शेजारचे डेटा पुसण्याचे बटण मात्र वेगळे आहे, त्याने न गेलेली, अर्धी लिहिलेली पत्रे जाऊ शकतात. खाते जुन्या पॉप पद्धतीने जोडलेले असेल तर आणखी जपावे, कारण त्या पद्धतीत मेल सर्व्हरवरून काढून फक्त फोनमध्ये ठेवलेले असू शकतात.

शेवटची तपासणी ब्राउझरची. तिथे मेल उघडला तर दोष अ‍ॅपचा. तिथेही उघडला नाही तर दोष खात्याचा किंवा सर्व्हरचा. सर्व्हर बंद पडणे क्वचित घडते, पण घडते. १४ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी जीमेल आणि यूट्यूब पाऊण तासाच्या आसपास जगभर ठप्प होते. अशा वेळी थांबण्याखेरीज काही करायचे नसते. पासवर्ड बदलला असेल तर फोनवर पुन्हा लॉग-इन करावे. नेमकी इथे खेड्यातली मोठी अडचण पुढे येते. अनेक मुलांची मेल खाती फॉर्म भरताना घाईघाईत सेवा केंद्रावर उघडलेली असतात, आणि रिकव्हरीचा नंबर दुकानदाराचा किंवा आता बंद पडलेल्या सिमचा असतो. खाते चालू आहे तोवरच तो नंबर बदलून आपला टाकावा. केंद्राच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला असेल तर उठण्याआधी लॉग-आउट करावे.

मोफत जीमेलसाठी गूगलचा फोनवर बोलणारा मदत कक्ष नाही. त्यामुळे नेटवर शोधून सापडलेला जीमेल कस्टमर केअरचा नंबर खोटाच समजावा. तिकडचा माणूस ओटीपी मागेल, एखादी एपीके फाइल टाकायला सांगेल किंवा स्क्रीन शेअर करायला लावेल. यातले काहीही करू नये. केले गेलेच आणि पैसे गेले तर बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर जाते, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक.