थट्टा म्हणून सोडून देऊ नका

‘पोरं एकमेकांना चिडवणारच, त्यातूनच ती कणखर होतात.’ शाळेत छळाची तक्रार गेली की हे उत्तर तयार असतं. ते चुकीचं आहे. चिडवाचिडवीत आज एकाची पाळी, उद्या दुसऱ्याची. छळाची पाळी बदलत नाही. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखवण्याचा हेतू, पुन्हापुन्हा घडणं आणि दोघांच्या ताकदीतली तफावत.

ही ताकद येते कुठून? केवळ दंडातून नव्हे. वसई तालुक्यातल्या राजोडी गावाच्या आसपासचा पट्टा पाहा. किनाऱ्याला कादोडी, वाडवळी, कोळ्यांची बोली. पूर्वेच्या पाड्यांवर वारली. नालासोपाऱ्याच्या चाळींत हिंदी, भोजपुरी. अशा वर्गात एखाद्याच्या घरच्या बोलीची रोज नक्कल होऊ लागली, तर त्याच्याबरोबर त्याची आई, त्याचा पाडा, त्याची जात सारंच हसण्याचा विषय होतं. चष्म्यावरून चिडवलेलं मूलही दुखावतं, यात वाद नाही. पण त्याच्या चष्म्याला गावात कुणी कमी लेखत नाही, पाड्याला लेखतात.

‘मुलांना जात कुठे कळते?’ हा दुसरा युक्तिवाद. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. वर्गातल्या इतर मुलांना जात शिकवायला तेवढं पुरेसं होतं. मे २०१९मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या आदिवासी तडवी भिल्ल समाजाच्या होत्या. जातीवरून छळ झाल्याच्या कुटुंबाच्या आरोपानंतर तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. शिक्षण वाढलं की हे आपोआप संपतं, असं म्हणणाऱ्यांनी ही घटना आठवावी.

मग करायचं काय? नॉर्वेत तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर १९८३मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. मधल्या सुट्टीत शिक्षकांची नजर, वर्गाने मिळून केलेले नियम, त्रास देणाऱ्याशी आणि त्याच्या पालकांशी थेट बोलणं. बर्गनच्या शाळांत छळाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घटलं.

महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार संस्थाप्रमुखाला लेखी तक्रारीची चौकशी सात दिवसांत करावी लागते. आठवी-नववीच्या मुलालाही हीच तत्परता मिळायला हवी. छळ बोलीवरून झाला की जातीवरून, याची नोंद व्हायला हवी. आणि तक्रार करणाऱ्याचीच तुकडी बदलण्याची पळवाट तर आजच बंद व्हायला हवी.