बाईक अपघातात खांद्याला मार : सकाळपर्यंत थांबणं महागात का पडतं?

ऊस हंगामातली रात्र. उमरीकडे येणारी बाईक रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर आदळते आणि चालक खांद्यावर पडतो. रक्त फारसं नाही, माणूस शुद्धीत आहे. मग कुणीतरी म्हणतं, 'खांदा उतरलाय, सकाळी बसवून आणू.' मराठवाड्यात कुठेही ऐकू येणारं हे वाक्य कधीकधी हातावर बेततं.

घरात घसरून निखळलेला खांदा आणि वेगात आपटलेला खांदा, यात मोठा फरक आहे. हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आणि मानेतून येणाऱ्या नसांचं जाळं काखेतूनच हातात उतरतं. जोरदार धडकेत खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ओढली गेली, की या नसा ताणल्या जातात, तुटतात, अगदी मज्जारज्जूपासून उपटूनही निघतात. धमनी फाटून रक्तपुरवठा थांबला, तर साधारण ६ तासांत स्नायूंचं कायमचं नुकसान सुरू होतं.

गंमत म्हणजे, मनगटाची नाडी लागते म्हणून धमनी शाबूत आहे असं होत नाही. खांद्याभोवतीच्या छोट्या रक्तवाहिन्या काही काळ काम चालवून नेतात. म्हणून डॉक्टर दोन्ही हातांची तुलना करतात, शंका आली तर सीटी अँजिओग्राफी करतात. पाठीमागचं खांद्याचं पातं मोडलं असेल तर छातीही तपासतात. ते हाड सहजासहजी मोडत नाही, त्यामुळे बरगड्या आणि फुप्फुसालाही मार असू शकतो.

मदतीला धावणाऱ्याने हात ओढू नये, चोळू नये. आहे त्या स्थितीत ओढणीने छातीशी बांधावा, अंगठ्या-कडं काढावं, खायला-प्यायला देऊ नये. बोटं थंड, पांढरी किंवा बधिर असतील तर १०८ला तसं स्पष्ट सांगावं. हाडवैद्याकडे जाणं तर टाळावंच. एक्स-रेशिवाय दिलेला झटका अर्धवट फाटलेली धमनी पूर्ण फाडू शकतो.

खर्चाची भीती असते. केंद्राच्या मे २०२५मधल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात. मदत करणाऱ्यालाही २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय.

नसांचं मात्र वेगळं आहे. हाड जुळलं, तरी हात लुळाच राहिला तर अनेक जण वर्षभर मालिश करत बसतात. नसांची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा ३ ते ६ महिन्यांतच चांगली साधते.