राज्य बुडाले, समाज बुडाला नाही

अन्याय सोसणाऱ्या समाजापुढे दोन कर्तव्ये उभी असतात. अन्याय विसरावयाचा नाही, हे पहिले. आणि त्याचे परिमार्जन होईपर्यंत हात बांधून बसावयाचे नाही, हे दुसरे. पहिले पुष्कळांना साधते, दुसरे फार थोड्यांना. त्या थोड्यांत अमेरिकेतील चेरोकी या मूळ रहिवाशांची गणना केली पाहिजे.

जॉर्जिया व भोवतालच्या मुलुखात नांदणारे हे लोक रानटी आहेत, असे त्यांच्या भूमीवर डोळा ठेवणारांनी जगाला सांगितले. वस्तुस्थिती काय होती? इंग्रजी वाचता न येणाऱ्या सिक्वोया नामक चेरोकीने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेची लिपी सिद्ध केली. १८२७ साली त्यांनी लिखित राज्यघटना केली. १८२८ साली न्यू इकोटा येथून ‘चेरोकी फिनिक्स’ हे द्वैभाषिक वृत्तपत्र काढले. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मुलुखात जॉर्जियाचे कायदे लागू नाहीत असा निर्वाळाही दिला. पण निकाल कागदावरच राहिला. १८३५ च्या अखेरीस मूठभरांनी, अधिकार नसताना, सारी भूमी सोडून देणाऱ्या तहावर सह्या केल्या. मुख्य नायक जॉन रॉस यांनी हजारो सह्यांचा निषेध सादर केला. तरीही सिनेटने आवश्यक दोन-तृतीयांश मते जेमतेम गाठून तो तह मान्य केला! १८३८ साली लष्कराने माणसे घरांतून ओढून काढली. सुमारे १६,००० लोक पश्चिमेस हाकलले गेले. त्यांतील अंदाजे ४,००० छावण्यांत आणि वाटेवर मेले.

कथा येथेच संपती, तर ती केवळ विलाप ठरती. पण १८३९ साली, आपसांतील रक्तपात चालू असतानाच, त्यांनी तालेक्वा येथे नवी घटना मंजूर केली. १८४१ साली सार्वजनिक शाळांची व्यवस्था, १८४४ साली पुन्हा वृत्तपत्र, १८५१ साली मुलगे व मुली यांच्यासाठी उच्च विद्यालये! त्यांच्यातील धनिक गुलाम बाळगीत, हा कलंक आम्ही झाकणार नाही. पीडितालाही पीडक होता येते, हे प्रत्येक चळवळीने ध्यानी ठेवावे.

पुढे दुसरा घाव बसला. १८९८ च्या कायद्याने त्यांची न्यायालये मोडली, सामाईक जमिनीचे तुकडे पडले आणि १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाल्यावर त्यांचे शासन नावापुरतेच उरले. त्यानंतर आपला मुख्य नायक स्वतःच्या मतांनी निवडण्यास १९७१ साल उजाडले. पण खरी उभारणी खेड्यांत झाली. बेल या गरीब वस्तीत अनेक घरांत नळाचे पाणी नव्हते. १९८० नंतरच्या काही वर्षांत विल्मा मॅनकिलर यांच्या प्रेरणेने तेथील रहिवाशांनी अंगमेहनतीने सुमारे १६ मैलांची जलवाहिनी घातली. त्याच मॅनकिलर १९८५ साली राष्ट्राच्या मुख्य नायक झाल्या. आज या राष्ट्राचे नागरिक साडेचार लाखांहून अधिक आहेत. मात्र मातृभाषा म्हणून चेरोकी बोलणारे अत्यल्प उरले. म्हणूनच २००१ साली त्यांनी चिमुकल्यांसाठी चेरोकी माध्यमाचे वर्ग सुरू केले.

आम्हां सीमावासीयांना कोणी बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढलेले नाही. त्या यातनांशी तुलना करणे अशोभनीय होईल. तथापि १९५६ पासून न्याय मागणारांना एक प्रश्न टाळता येणार नाही. मोर्चात घसा फोडून घोषणा देणारे आम्ही आपली मुले कोणत्या शाळेत घालतो? गावच्या वाचनालयाची वर्गणी किती जण वेळेवर भरतो? निकाल न्यायालयाच्या हाती आहे, ठराव विधिमंडळाच्या हाती आहे. शाळा आणि वाचनालय मात्र आमच्या हाती आहेत. ती ओस पाडून मिळविलेला न्याय घेण्यास उद्या उरणार कोण?